संध्याकाळची कॉपी आणि अडकणारी टाइमलाइन: एका मालिका युनिटच्या सामाईक स्टोरेजचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं एक पोस्ट-प्रॉडक्शन युनिट. तीन मराठी दैनंदिन मालिकांचं एडिट, कलर, साउंड आणि चॅनलकडे जाणारी शेवटची फाइल, सगळं एकाच मजल्यावरून निघतं. (नाव, इमारत, मालिका, चॅनल यांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.) दैनंदिन मालिकेचा जीव तिच्या बँकेत असतो. तयार होऊन पडलेले चार-पाच भाग हाताशी असले तर एखादी रात्र वाया गेली तरी निभावतं. बँक एका भागावर आली की आज दुपारी शूट झालेला सीन आज रात्रीच कापावा लागतो, कारण तो उद्या संध्याकाळी टेलिकास्टला असतो. त्या काळात तीनपैकी दोन मालिका एकेका भागाच्या बँकेवर चालल्या होत्या.

एकूण नऊ सीट: प्रत्येक मालिकेला दोन याप्रमाणे सहा एडिट, एक ऑनलाइन (मूळ फुटेजवरून शेवटचा भाग जुळवायचं काम) आणि कलर, एक साउंड, एक डेटा कॉपीची. सगळ्यांचं फुटेज एकाच एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या सामाईक डिस्कच्या डब्यावर. १२ डिस्कचा रॅकमधला डबा, प्रत्येक डिस्क १२ टेराबाइटची, ७,२०० आरपीएमची, रेड ६ (कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकावा अशी मांडणी). दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीत जाते, उरलेले १२० टेराबाइट वापरता येतात. डब्यातून १० गिगाबिटच्या दोन केबल एलएसीपीने (अनेक केबल एकत्र वापरायची पद्धत) जोडून मुख्य स्विचला, तिथून प्रत्येक सीटला १० गिगाबिटची एक केबल. साउंडच्या खोलीत मध्ये एक वेगळा छोटा स्विच.

तीन वर्षं हे बिनतक्रार चाललं. मालिका एचडीत, रेकॉर्डिंग साधारण १०० मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. एका युनिटवर दोन कॅमेरे, दिवसाचं मिळून सहा तासांचं फुटेज, म्हणजे २७० गिगाबाइट. तीन मालिकांचे मिळून रोजचे ८१० गिगाबाइट. कार्डं एसडी, रीडरमधून सेकंदाला ८०-९० मेगाबाइटने उतरणारी.

मग एका मालिकेचं शूट यूएचडीवर (एचडीच्या चौपट पिक्सेलचं चित्र) गेलं. एक्सएव्हीसी इंट्रा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), २५ फ्रेम, २५० मेगाबिट प्रति सेकंद. त्या एका मालिकेचे दिवसाला २७० ऐवजी ६७५ गिगाबाइट झाले आणि रोजची एकूण आवक १,२१५ गिगाबाइटवर गेली. जागा किती दिवस पुरेल, याचा हिशेब या दीडपटीवर करून झाला होता. नव्या कॅमेऱ्यांबरोबर एसडीपेक्षा कितीतरी वेगाने उतरणारी सीएफएक्सप्रेस कार्डं आली, त्यांचा हिशेब मात्र कुणीच केला नव्हता.

अडचण

पॅकअपनंतर साडेसात-आठच्या सुमाराला सेटवरून गाडी येते. डेटाचा मुलगा कार्डं घेतो, दोन रीडरमध्ये दोन कार्डं लावतो, कॉपी सुरू करतो. दोन-तीन मिनिटांत एडिटच्या खोल्यांची दारं उघडायला लागतात.

"कोण कॉपी मारतंय रे? थांबव की दहा मिनिटं, माझा प्लेबॅक अडकलाय."

"दादा, थांबवू कशी? कार्डं परत द्यायची आहेत. गाडी खाली उभी आहे, सकाळी सातला शिफ्ट आहे."

हा संवाद दोन महिने जवळजवळ रोज होत होता आणि दोघांचंही खरं होतं. सीनियर एडिटरची टाइमलाइन दोन-तीन सेकंद चालून थबकत होती, एक्सपोर्ट ९० टक्क्यांवर जाऊन फाइल वाचता येत नाही म्हणून पडत होता. डेटाच्या मुलाकडे कार्डांचा एकच संच होता. तो रात्रीत रिकामा होऊन सेटवर गेला नाही तर सकाळचं शूट उभं राहत नव्हतं.

एका रात्री यूएचडी मालिकेची फाइल चॅनलकडे ठरलेल्या वेळेनंतर पोचली, तांत्रिक तपासणीला जेमतेम वेळ उरला. टेलिकास्ट चुकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी निर्मात्याने विचारलं, आणि तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न 'सिस्टिम स्लो आहे' या तक्रारीपलीकडे गेला.

तोवर करून झालेले उपाय असे: स्विच बंद-चालू केला, दोन सीटच्या केबल बदलल्या, एका एडिटरचं मशीन फॉरमॅट केलं. रविवारी युनिट रिकामं असताना एका सीटवरून डिस्क स्पीडची चाचणी घेतली तर वाचनाचा वेग सेकंदाला १,००० मेगाबाइटच्या आसपास दिसला, म्हणजे १० गिगाबिटची केबल जवळपास भरून. त्या आकड्याने सगळ्यांची दिशाभूल केली. डबा ठीक आहे असं गृहीत धरून संशय नेटवर्कवर गेला. पुरवठादाराकडून कोटेशन आलं ते १०० गिगाबिटच्या स्विचचं आणि प्रत्येक सीटला २५ गिगाबिटच्या कार्डाचं.

पहिला निर्णय: आधी मोजायचं

खरेदीला मंजुरी जवळजवळ मिळाली होती. ती एक आठवडा थांबवून मोजमाप करायचं ठरलं. या प्रकरणातला आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो घेणं सोपं नव्हतं. रोज रात्री ज्यांचा एक्सपोर्ट पडतो त्यांना आणखी आठ दिवस थांबा म्हणून सांगायचं होतं.

सुरुवात कागदावरच्या मागणीपासून केली. संध्याकाळी आठला एकाच वेळी काय काय वाचलं जातं? यूएचडीचे दोन एडिटर, प्रत्येकी दोन कॅमेरे मल्टिकॅममध्ये: चार स्ट्रीम, प्रत्येकी ३१ मेगाबाइट, एकूण १२५. एचडीचे चार एडिटर, आठ स्ट्रीम: १००. ऑनलाइनवर यूएचडी प्रोरेझ ४२२ एचक्यू (उच्च दर्जाचा एडिट कोडेक), २५ फ्रेमला ७३७ मेगाबिट, म्हणजे ९२ मेगाबाइट. साउंडचं ६४ ट्रॅकचं सेशन: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट, ६४ ट्रॅकचे मिळून ९ मेगाबाइट. सगळी बेरीज सव्वातीनशे मेगाबाइटच्या आसपास. यात कॉपीचं लिखाण धरलं तरी हजाराच्या आत. डबा खरेदी करताना पुरवठादाराने १,४०० दाखवले होते. कागदावर अडचण असायलाच नको होती.

मग नेटवर्क डिस्कपासून वेगळं करून मोजलं. आयपर्फ३ हे साधन फक्त केबल, कार्ड आणि स्विच तपासतं, डिस्कला हातच लावत नाही. एका सीटवर ९.४ गिगाबिट मिळाले, म्हणजे १,५०० बाइटच्या एमटीयूवर (नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा कमाल आकार) मिळायला हवेत तेवढे. नंतर सहा सीट एकाच वेळी, डब्याकडून सीटकडे अशा उलट्या दिशेने. (आयपर्फ३ चा एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो, म्हणून डब्यावर सहा वेगळ्या पोर्टवर सहा सर्व्हर चालवावे लागले.) दोन केबल असल्यामुळे एकूण १८ च्या पुढे जायला हवं होतं. आले पुन्हा ९.४. दुसरी केबल वाचनाच्या वेळी रिकामी पडून होती.

कारण शोधायला वेळ लागला, म्हणून ते इथे सविस्तर देतो. एलएसीपी दोन केबलींचा एक जाड पाइप करत नाही. प्रत्येक जोडणीसाठी ती कुठल्या केबलने जाईल हे एका हॅशवरून (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावरून) ठरतं, आणि वाचनाच्या दिशेचा निर्णय पाठवणारा, म्हणजे डबा घेतो. डब्यावर लेयर २ चा हॅश होता. त्यात दोन्हीकडच्या मॅक पत्त्यांच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकांच्या) शेवटच्या बाइटवरून केबल ठरते. केबल दोनच असल्या की प्रश्न सम-विषमाचा उरतो. सीटवरची नेटवर्क कार्डं एकाच लॉटमध्ये घेतलेली, प्रत्येकाला दोन पोर्ट, आणि सगळीकडे केबल पहिल्या पोर्टला. अशा कार्डांवर दोन पोर्टना लागोपाठचे पत्ते असतात. इथे प्रत्येक पहिल्या पोर्टचा पत्ता सम निघाला. त्यामुळे एडिटच्या सहाही सीट तीन वर्षं एकाच केबलने वाचत होत्या. हॅश लेयर ३+४ वर, म्हणजे आयपी पत्ता आणि पोर्टवर नेला. सीट चार-दोन अशा विभागल्या आणि एकूण आकडा १८ च्या वर गेला.

इथेच हुरळून जाण्याचा धोका होता. चूक सापडली होती, खरी होती, दुरुस्तही झाली होती. पण त्या संध्याकाळी आठला टाइमलाइन पुन्हा थबकलीच. हिशेब पुन्हा पाहिल्यावर लक्षात आलं की मागणी सव्वातीनशेची असेल तर ९.४ गिगाबिटची एक केबलसुद्धा पुरेशी होती. सापडलेली चूक ही अडचणीचं कारण असेलच असं नाही.

खरं कारण

डब्यावर आयओस्टॅट (डिस्क किती व्यग्र आहेत ते दाखवणारं साधन) लावून तीन संध्याकाळी दर सेकंदाची नोंद घेतली. दुपारी चारला प्रत्येक डिस्कचा प्रतिसाद १०-१५ मिलिसेकंदात येत होता. कॉपी सुरू झाल्यावर तो १०० च्या वर जाऊन तिथेच राहत होता, बाराही डिस्क १०० टक्के व्यग्र, आणि तरीही डब्यातून बाहेर पडणारा एकूण डेटा २०० मेगाबाइटच्या आसपास. डिस्क धावत होत्या, पण त्यांचा वेळ वाचण्यात कमी आणि जागा शोधण्यात जास्त जात होता.

७,२०० आरपीएमच्या डिस्कचं हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला साधारण ८ मिलिसेकंद लागतात, आणि हवा तो भाग फिरून खाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. एकच माणूस एकच मोठी फाइल वाचत असेल तर हा १२ मिलिसेकंदांचा खर्च सुरुवातीला एकदा होतो आणि पुढे सेकंदाला २०० मेगाबाइट सरळ येतात. रविवारच्या चाचणीत हेच मोजलं गेलं. पण बारा व्हिडिओ स्ट्रीम, ६४ ऑडिओ फाइल आणि दोन कार्डांचं लिखाण एकत्र आलं की हेड प्रत्येक तुकड्यासाठी उडी मारतं. एका उडीत २५६ किलोबाइट मिळाले असं धरलं तर ते वाचायला सव्वा मिलिसेकंद आणि तिथे पोचायला बारा. एका डिस्ककडून सेकंदाला १९ मेगाबाइट, दहा डिस्कचे १९०. आयओस्टॅटमधला आकडा याच्याच आसपास होता.

साउंडची सीट या हिशेबात सगळ्यांना चकवून गेली होती. तिची मागणी फक्त ९ मेगाबाइट, म्हणून ती कुणी विचारातच घेतली नव्हती. पण त्यासाठी ६४ वेगवेगळ्या फाइल लागतात, म्हणजे ६४ ठिकाणी उड्या. हेडच्या वेळेत तिचा वाटा यूएचडीच्या दोन एडिटरांइतका असू शकतो.

मग कॉपी. एसडी कार्ड ९० मेगाबाइटच्या वर जात नव्हतं, म्हणून जुनी कॉपी आपोआप मर्यादेत राहायची. सीएफएक्सप्रेसच्या दोन रीडरमधून मिळून पाचशेच्या वर यायला लागले आणि कॉपीच्या सॉफ्टवेअरने डबा घेईल तेवढं ढकलायला सुरुवात केली. त्यात चेकसम (फाइल हुबेहूब उतरली का ते ताडणारा आकडा) पडताळणीसाठी लिहिलेला प्रत्येक बाइट पुन्हा डब्यावरून वाचला जातो. १,२१५ गिगाबाइटची आवक डिस्कला प्रत्यक्षात २,४३० ची पडत होती.

याला आणखी तीन गोष्टींचा हातभार होता. डबा ९३ टक्के भरलेला होता. फाइलसिस्टिमला सलग मोकळी जागा मिळत नव्हती, नव्या फाइल तुकड्यांत विखुरत होत्या, आणि उरलेली जागा बहुधा डिस्कच्या आतल्या ट्रॅकवर, जिथे सरळ वाचनाचा वेगसुद्धा बाहेरच्या ट्रॅकच्या साधारण निम्मा असतो. दुसरं, डब्याची स्वतःची मीडिया इंडेक्सिंग सेवा चालू होती. नवी व्हिडिओ फाइल आली की ती तिचे थंबनेल बनवायला घेते, म्हणजे कॉपीच्या ऐन वेळी आणखी एक वाचक. ती कुणी मुद्दाम लावली नव्हती, डबा आला तेव्हापासून तशीच होती. आणि तिसरं, चार एडिटरांच्या मीडिया कॅशची (एडिट सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींची) आणि वेव्हफॉर्मच्या बारीक फाइलींची जागा त्याच सामाईक व्हॉल्यूमवर होती.

विचारात घेतलेले पर्याय

१०० गिगाबिटचा स्विच मोजमापानंतर लगेच बाद झाला. पाइप कितीही रुंद केला तरी टाकीतून २०० च येणार होते.

फायबर चॅनल सॅनचा (फक्त स्टोरेजसाठीचं वेगळं, वेगवान नेटवर्क) विचार गांभीर्याने झाला. १६ गिगाबिटच्या एका लिंकवर सेकंदाला १,६०० मेगाबाइट जातात, क्लायंट थेट ब्लॉक वाचतात, आणि कुणाला कुठली फाइल द्यायची ते वेगळा मेटाडेटा कंट्रोलर बघतो. मोठ्या फिल्म पोस्टमध्ये डीपीएक्स फ्रेमवर (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल) काम चालतं, तिथे याचं मोल आहे: यूएचडीची एक १० बिटची डीपीएक्स फ्रेम ३३ मेगाबाइटची, २५ फ्रेमला सेकंदाला ८३०. या युनिटची गरज त्या जातीची नव्हती. शिवाय मागे याच डिस्क राहिल्या असत्या तर हेडच्या उड्या तशाच राहिल्या असत्या, आणि मेटाडेटा कंट्रोलर रात्री अकराला अडला तर तो सावरणारा माणूस युनिटमध्ये नव्हता.

तिसरा पर्याय प्रॉक्सीचा, म्हणजे एडिटपुरत्या काढलेल्या हलक्या प्रतींचा. एचडी प्रोरेझ प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला पाच मेगाबाइटही नाही. यूएचडीचं एडिट यावर केलं तर चार स्ट्रीम १२५ वरून १९ वर येतात. चित्रपटाला किंवा वेब सीरिजला हाच रस्ता योग्य. पण बँक एकाची असताना सहा तासांच्या फुटेजची प्रॉक्सी बनेपर्यंत एडिटरने थांबायचं, मग लॉक झाल्यावर मूळ फाइलींशी रीलिंक, आणि क्लिपच्या नावात किंवा टाइमकोडमध्ये एखादी गफलत झाली की रात्री दोनला चुकीचा टेक ऑनलाइनवर. एडिटरांनी ठाम नकार दिला. तो आळसापोटी नव्हता, रीलिंकची जबाबदारी शेवटी त्यांच्याच डोक्यावर येणार होती.

कॉपी रात्री अकरानंतर करावी, अशीही सूचना होती. ती फेटाळली, कारण तोवर दिवसभराच्या शूटची एकच प्रत असते आणि ती कार्डावर, गाडीत किंवा टेबलावर. कलाकारांच्या तारखा पुन्हा मिळत नाहीत.

ठरलं ते असं: आधी ज्याला पैसे लागत नाहीत ते सगळं करायचं, पुन्हा मोजायचं, आणि मग चालू भागांसाठी एसएसडीचा वेगळा पूल (सामाईक साठा) घ्यायचा. जुना डबा मागच्या फुटेजसाठी राहील आणि त्यामागे एलटीओ टेप (दीर्घकाळ साठवणुकीची चुंबकीय टेप).

काय केलं

पहिल्या आठवड्यात इंडेक्सिंग बंद. रेडची मासिक तपासणी महिन्याच्या एक तारखेला सुरू व्हायची, ती रविवारी पहाटेवर नेली. मीडिया कॅश प्रत्येक मशीनच्या आतल्या एसएसडीवर. साउंडचं सेशन काम सुरू करताना मशीनवर उतरवून घ्यायचं आणि मिक्स झाल्यावर परत ठेवायचं, त्यामुळे त्या ६४ फाइल सामाईक डिस्कवरून उठल्या.

कॉपीची पद्धत बदलली. कार्डावरून आधी कॉपीच्या मशीनमधल्या ४ टेराबाइटच्या एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी) आणि त्याच वेळी एका बाहेरच्या ड्राइव्हवर, दोन्ही प्रती चेकसमने पडताळून. दोन्ही जुळल्या की कार्ड मोकळं, गाडी रवाना. तिथून डब्यावर सेकंदाला १०० मेगाबाइटची मर्यादा लावून आरसिंक या कॉपीच्या साधनाने. सगळं फुटेज चढायला तीन तास वीस मिनिटं लागतात, म्हणून क्रम एडिटर ठरवतो: आज रात्री कापायचे सीन आधी. पहिल्या दिवशी मर्यादेच्या जागी नुसतं १०० लिहिलं गेलं. आरसिंक एकक नसलेला आकडा किलोबाइटमध्ये घेतो. तासाभरात साडेतीनशे मेगाबाइटच चढले तेव्हा ते लक्षात आलं. १०० च्या पुढे मेगाबाइटचं अक्षर लागतं, ते आता कॉपीच्या टेबलावर लिहून चिकटवलेलं आहे.

कार्डांचे आणखी दोन संच घेतले. स्टोरेजच्या प्रश्नावर कॅमेरा विभागात खर्च करायला आधी विरोध झाला, पण सगळ्या खरेदीत हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर फळलेला उपाय. 'गाडी खाली उभी आहे' हे त्या दिवसापासून थांबलं.

मग जागा. ९३ टक्क्यांवरून ७० वर यायचं तर २८ टेराबाइट हलवायला हवे होते. एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टेराबाइट बसतात (खोक्यावर छापलेला कॉम्प्रेशनचा ३० चा आकडा व्हिडिओला लागू नाही, ते आधीच दाबलेलं असतं). तीन टेप, दोन प्रती, म्हणून सहा. अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० मेगाबाइटने लिहितो, एक टेप भरायला अकरा तासांच्या वर. पण त्याला डेटा सलग मिळायला हवा. डबा मागे पडला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा सुरू होते, आणि वेळेबरोबर टेपही झिजते. म्हणून हे काम फक्त पहाटे आणि रविवारी झालं, तीन आठवडे लागले. टेप परत वाचून चेकसम जुळल्याशिवाय डब्यावरचं काहीही पुसलं नाही. पुसण्याआधी प्रत्येक क्लिपची एचडी प्रॉक्सी काढून डब्यावर ठेवली, तासाला १७ गिगाबाइट. मालिकेत फ्लॅशबॅक कधी येईल सांगता येत नाही, आणि सहा महिन्यांपूर्वीचा तो एक शॉट कुठल्या टेपवर आहे हे बघून ठरवता आलं पाहिजे.

शेवटी एसएसडीचा पूल: ७.६८ टेराबाइटचे सहा एनव्हीएमई, रेड ६, वापरायला ३०.७ टेराबाइट. १४ दिवसांचं फुटेज १७ टेराबाइट होतं, ते ७० टक्क्यांच्या आत बसतं. एसएसडीत हेडच नाही, म्हणून कॉपीवरची मर्यादाही निघाली.

फसलेलं पाऊल

याच टप्प्यात जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं, लावायचं ठरलं. डबा, मुख्य स्विच आणि सगळ्या सीटवर एमटीयू ९,००० केला. साउंडच्या खोलीतला छोटा स्विच राहून गेला. तिथे फोल्डर दिसत होते, नावं वाचता येत होती, फाइल उघडली की सगळं गोठत होतं. दोन्ही टोकं ९,००० म्हणत असतील तर मोठी पाकिटं निघतात आणि मधला १,५०० चा स्विच ती गुपचूप टाकून देतो. लहान पाकिटं जातात, म्हणून पिंगही ठीक दिसतो. ओळखायची खूण अशी: पाकीट तोडू नये ही सूचना देऊन ८,९७२ बाइटचा पिंग पाठवायचा. २८ बाइटची हेडर मिळून बरोबर ९,००० होतात. उत्तर आलं नाही तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. साउंडची एक पूर्ण शिफ्ट यात गेली.

आणि मिळणार काय होतं? ९.४ ऐवजी ९.९ गिगाबिट. सव्वातीनशे मेगाबाइटच्या मागणीला त्याचा काही उपयोग नव्हता. सगळं परत १,५०० वर आणलं आणि तिथेच ठेवलं.

कलरच्या सीटची केबल याच तपासणीत सापडली. कॅट ६ ची, छतातून वळसा घेऊन ६० मीटरच्या पुढे गेलेली. कॅट ६ वर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंतच धरायचं. लिंक लागत होती, पण स्विचवर सीआरसीच्या चुका (वाटेत खराब झालेली पाकिटं) वाढत होत्या. तिथे ओएम३ फायबर टाकली.

परिणाम

फक्त बिनपैशाच्या बदलांनंतर, एसएसडी यायच्या आधीच, संध्याकाळचा डिस्कचा प्रतिसाद १०० वरून ३०-३५ मिलिसेकंदांवर आला. एचडीच्या चारही सीट सुरळीत झाल्या, यूएचडी अधूनमधून अडत होती. पूल आल्यावर तीही थांबली. रात्री आठला कॉपी, सहा एडिट आणि ऑनलाइनचा एक्सपोर्ट एकत्र चालतात.

आठव्या आठवड्यात जुन्या डब्यातली एक डिस्क गेली. १२ टेराबाइटची डिस्क १५० मेगाबाइटच्या वेगानेही भरून यायला २२ तास लागतात, आणि काम चालू असताना याच्या दुप्पट-तिप्पट. दोन दिवस रीबिल्ड चाललं. चालू भाग एसएसडीवर असल्याने कुणाचं एडिट थांबलं नाही. हीच डिस्क दोन महिन्यांपूर्वी, डबा ९३ टक्के भरलेला आणि सगळ्या सीट त्यावरच असताना गेली असती, तर बँक नक्कीच तुटली असती.

वेगळं काय करता आलं असतं

आयओस्टॅटची नोंद कायम चालू हवी होती. एचडीच्या काळातला प्रतिसादाचा आलेख हाताशी असता तर नव्या कार्डांच्या पहिल्याच संध्याकाळी कारण दिसलं असतं आणि दोन महिने एकमेकांवर चिडण्यात गेले नसते. आता ती दर मिनिटाला साठवली जाते.

खरेदीच्या वेळी एका सीटची चाचणी मान्य करायला नको होती. नऊ सीटवरून खऱ्या टाइमलाइन चालवून, मागे कॉपी लावून, डबा ७० टक्के भरलेला असताना घेतलेली चाचणीच उपयोगाची. पुरवठादार याला तयार नसेल तर तो डबा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॅमेरा बदलाच्या बैठकीला पोस्टमधलं कुणी नव्हतं. कोडेक, कार्डांचा प्रकार आणि रीडरचा वेग या तीन गोष्टी तिथेच विचारल्या असत्या तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

एक त्रुटी अजून तशीच आहे: टेपच्या दोन्ही प्रती एकाच इमारतीत, एकाच कपाटात आहेत. दुसरी प्रत निर्मात्याच्या ऑफिसात हलवायचं ठरलं आहे, कुलूपबंद कपाटाची सोय झाली की ती जाईल.

दुसरी मालिकाही आता यूएचडीवर जाते आहे. रोजचे १,२१५ गिगाबाइट १,६२० होतील, १४ दिवसांचे जवळपास २२.७ टेराबाइट, आणि पूलची ७० टक्क्यांची रेषा साडेएकवीसवर आहे. आणखी दोन एनव्हीएमई घ्यायचे की फुटेज पूलवर १० दिवसच ठेवायचं, यावर एडिटर, डेटा आणि निर्मात्याची बैठक या वेळी कॅमेरा सेटवर जायच्या आधी झाली. १० दिवसांवर एकमत झालं. पॅचवर्कसाठी त्यामागचं फुटेज लागलं तर डेटाचा मुलगा ते आदल्या रात्री जुन्या डब्यावरून पूलवर आणून ठेवतो.